भूभौतिकीच्या प्रारंभिक पाठ्यपुस्तकाचे मूल्यमापन : बेसाल्ट प्रदेशातील विद्यार्थ्यांच्या संदर्भात

सारांश

पदवी स्तरावरील भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी भूभौतिकीचे प्रारंभिक पाठ्यपुस्तक निवडताना प्रकरणांची संख्या, आकृत्यांचा दर्जा व भाषेची सुलभता हे निकष सामान्यतः लावले जातात. ते आवश्यक आहेत. परंतु पुरेसे नाहीत. पद्धतीमागील गृहीतके पाठ्यपुस्तक किती उघडपणे मांडते आणि ती कोठे लागू पडत नाहीत हे ओळखण्यास विद्यार्थ्याला किती सक्षम करते, हा मुख्य निकष असावा, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी किअरी, ब्रुक्स व हिल यांच्या 'ॲन इंट्रोडक्शन टू जिओफिजिकल एक्स्प्लोरेशन' या पुस्तकातील चार पद्धतींचे विवेचन दख्खनच्या बेसाल्ट प्रदेशातील परिस्थितीशी ताडून पाहिले आहे.

बीजसंज्ञा : भूभौतिकी, पाठ्यपुस्तक, गृहीतक, दख्खन बेसाल्ट, रोधकता, अध्यापन.

प्रास्ताविक

पाठ्यपुस्तकाची निवड हा अभ्यास मंडळाच्या बैठकीत बहुधा सर्वांत लवकर संपणारा विषय असतो. पूर्वीच्या यादीतील नावे नव्या यादीत येतात, एखाद्या पुस्तकाची आवृत्ती बदलते आणि विषय पुढे सरकतो. ज्या शास्त्रांचे निष्कर्ष स्थळानुसार फारसे बदलत नाहीत तेथे यामुळे मोठी हानी होत नाही. भूभौतिकीची गोष्ट वेगळी आहे. भौतिकशास्त्राच्या नियमांच्या साहाय्याने पृथ्वीच्या अंतर्भागाचा शोध घेणारे हे शास्त्र आहे. त्यातील नियम सर्वत्र एकच असले, तरी ते ज्या खडकांना लावावयाचे ते खडक प्रदेशागणिक भिन्न असतात. साहजिकच पाठ्यपुस्तकातील उदाहरणे कोणत्या भूमीवरची आहेत, या प्रश्नाला येथे विशेष महत्त्व प्राप्त होते.

महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग दख्खनच्या बेसाल्टने व्यापलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचलेल्या लाव्हाप्रवाहांचा हा प्रदेश आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थी ज्या जमिनीवर उपकरण मांडतो, ती बहुतेक वेळा हीच असते. हा विद्यार्थी पुढे अनेकदा भूजल सर्वेक्षणाच्या कामात जातो. त्याने दाखविलेल्या जागेवर शेतकरी, प्रसंगी कर्ज काढून, विंधन विहीर घेतो. आलेखाचे वाचन चुकले तर परीक्षेत दोन गुण जातात. शेतात मात्र संपूर्ण विहीर कोरडी जाते. पाठ्यपुस्तकाच्या मूल्यमापनाचा प्रश्न या दृष्टीने केवळ ग्रंथालयाच्या खरेदीपुरता मर्यादित राहत नाही.

निवडलेल्या पुस्तकाचे स्वरूप

प्रस्तुत मूल्यमापनासाठी घेतलेल्या पुस्तकाची पहिली आवृत्ती फिलिप किअरी व मायकेल ब्रुक्स यांनी १९८४ मध्ये सिद्ध केली. दुसरी आवृत्ती १९९१ मध्ये व इयान हिल यांच्या सहभागाने तिसरी आवृत्ती २००२ मध्ये निघाली. तिसऱ्या आवृत्तीत ११ प्रकरणे आहेत. पद्धतींची तत्त्वे व मर्यादा, आधारसामग्रीवरील प्रक्रिया, भूकंपीय तरंगांची मूलतत्त्वे, परावर्तन, अपवर्तन, गुरुत्वीय, चुंबकीय, विद्युत, विद्युतचुंबकीय, किरणोत्सर्गमापन आणि विंधन छिद्रातील मापन असा त्यांचा क्रम आहे. प्रकरणाच्या शेवटी उदाहरणे व अधिक वाचनाची सूची दिलेली आहे.

भूशास्त्राचा विद्यार्थी हा या पुस्तकाचा अपेक्षित वाचक आहे. त्यामुळे गणित आटोपशीर ठेवलेले असून प्रत्येक सूत्राशेजारी त्याचा भूशास्त्रीय अर्थ येतो. याच स्तरावरील इतर पुस्तकांशी तुलना केली असता त्याचे स्थान स्पष्ट होते. विल्यम लाउरी यांचे 'फंडामेंटल्स ऑफ जिओफिजिक्स' (१९९७) व फाउलर यांचे 'द सॉलिड अर्थ' (१९९०) ही पुस्तके संपूर्ण पृथ्वीचा विचार करतात. भूकंप, उष्णताप्रवाह, भूचुंबकत्व व भूपट्ट यांना त्यांत मध्यवर्ती स्थान आहे. टेलफर्ड व सहकाऱ्यांचे 'अप्लाइड जिओफिजिक्स' (१९७६) संदर्भग्रंथ म्हणून मौलिक असले, तरी प्रथम परिचयासाठी जड पडते. मसेट व खान यांचे 'लुकिंग इनटू दि अर्थ' (२०००) गणिताच्या दृष्टीने सर्वांत सौम्य आहे. पद्धतींचा पहिला परिचय व क्षेत्रकार्याची पूर्वतयारी या दोन गरजा एकत्र भागविण्यास किअरी प्रभृतींचे पुस्तक सोयीचे ठरते.

मूल्यमापनाचा मुख्य निकष

या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण पद्धतींच्या तत्त्वांबरोबर त्यांच्या मर्यादाही सांगते, ही बाब आवर्जून नोंदविण्याजोगी आहे. समुद्रतळाची खोली ध्वनीच्या साहाय्याने कशी काढतात, या सोप्या उदाहरणातून तेथे भूभौतिकीतील मूळ अडचण उलगडून दाखविली आहे. जहाजावरून सोडलेला ध्वनी तळावर आपटून २ सेकंदांनी परत आला आणि पाण्यातील वेग सेकंदास १५०० मीटर धरला, तर खोली १५०० मीटर येते. मात्र पाण्याचे तापमान व क्षारता यांमुळे वेग प्रत्यक्षात १५३० मीटर असेल, तर खोलीही १५३० मीटर होते. मोजलेला काळ दोन्ही वेळा तोच आहे. बदलले ते केवळ आपले गृहीतक. रचना ज्ञात असता मापन काय येईल हे सांगणे सोपे असते. मापनावरून रचना सांगणे हा त्याचा उलटा प्रश्न असून त्याची उत्तरे अनेक असू शकतात.

हेच सूत्र पुढे नेऊन प्रत्येक प्रकरणाला तीन प्रश्न विचारता येतात.

(१) पद्धत कोणत्या गृहीतकावर उभी आहे, हे पुस्तक स्पष्ट सांगते काय?
(२) ते गृहीतक कोणत्या परिस्थितीत मोडते, हे सांगते काय?
(३) मोडले असता विद्यार्थ्याने काय करावे, याचे साधन देते काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक पुस्तके देतात. दुसऱ्याचे थोडी देतात. तिसऱ्या प्रश्नापाशी पुस्तकांचा खरा दर्जा कळतो.

गुरुत्वीय पद्धत : घनतेचे गृहीतक

गुरुत्वीय मापनात निरीक्षणस्थळ व समुद्रसपाटी यांमधील खडकाच्या आकर्षणाची वजावट करावी लागते. तीस बूगेर सुधारणा म्हणतात. खडकाचा सपाट व अमर्याद थर कल्पून ही वजावट प्रति मीटर ०.०४१९ गुणिले घनता इतके मिलिगॅल अशी काढली जाते. घनतेसाठी २.६७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर हा आकडा प्रचलित आहे. तो ग्रॅनाइटसदृश खंडीय कवचाला शोभणारा आहे. घट्ट बेसाल्टची घनता साधारणतः २.९ च्या आसपास असते.

कोकणातून घाट चढून सुमारे ६०० मीटर उंचीच्या पठारावर जाणाऱ्या मापनरेषेची कल्पना करावी. घनतेतील ०.२३ च्या फरकामुळे वजावटीत सुमारे ५.८ मिलिगॅलचा फरक पडतो. घनता २.६७ धरणाऱ्या विद्यार्थ्याच्या आलेखात हा फरक भूपृष्ठाच्या चढ-उताराबरोबर वर जाताना दिसेल व तो त्यास भूगर्भातील एखाद्या रचनेचे लक्षण समजेल. प्रत्यक्षात ती त्याच्या गृहीतकाची सावली असेल.

या कसोटीवर पुस्तक पूर्णतः उतरते. घनता अचूक असण्याची गरज त्यात सांगितली आहे. तसेच नेटलटन यांची पद्धतही दिली आहे. निरनिराळ्या घनता घेऊन सुधारित आलेख काढावेत आणि ज्या घनतेचा आलेख टेकडीच्या आकाराशी सर्वांत कमी जुळतो ती स्वीकारावी, अशी ही पद्धत आहे. तिन्ही प्रश्नांची उत्तरे येथे मिळतात. शिक्षकाने फक्त टेकडी आपल्या परिसरातील घ्यावयाची आहे.

चुंबकीय पद्धत : प्रेरित व अवशिष्ट चुंबकत्व

खडकाचे चुंबकत्व दोन प्रकारचे असते. पृथ्वीच्या आजच्या क्षेत्रामुळे निर्माण होणारे ते प्रेरित. खडक थंड होताना त्या काळच्या क्षेत्राच्या दिशेने गोठलेले ते अवशिष्ट. प्राथमिक आकडेमोडीत सोयीसाठी केवळ प्रेरित चुंबकत्व धरले जाते. बेसाल्टमध्ये अवशिष्ट भाग अनेकदा प्रेरित भागाहून प्रबळ असतो. शिवाय दख्खनच्या लाव्हाप्रवाहांपैकी मोठा भाग पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आजच्या उलट असताना, भारतीय भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेस असताना ओतला गेला. अशा खडकावर केवळ प्रेरित चुंबकत्वाचे सूत्र लावले, तर विसंगतीचे चिन्हही उलट निघू शकते.

पुस्तकात दोन्ही चुंबकत्वांचा सदिश बेरजेसह विचार आहे. दुसरी अडचण सूक्ष्म आहे. चुंबकीय विसंगतीचा आकार त्या स्थळाच्या नतिकोनावर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र क्षितिजाशी करीत असलेल्या कोनावर अवलंबून असतो. इंग्लंडमध्ये हा कोन ६० अंशांहून अधिक असतो. अलिबागच्या वेधशाळेच्या परिसरात तो ३० अंशांहून कमी आहे. अधिक नतिकोनाच्या प्रदेशात वस्तूच्या वर जवळजवळ एकच धन शिखर दिसते. आपल्याकडे मात्र उत्तरेकडील ऋण भाग ठळक होतो व शिखर दक्षिणेस सरकते. 'शिखराच्या खाली वस्तू' अशी सवय जडलेला विद्यार्थी येथे चुकीच्या जागी खूण करील. सूत्र पुस्तकात आहे. त्याचा आपल्या अक्षांशावरील परिणाम रेखाटून दाखविण्याचे काम शिक्षकाचे आहे.

अपवर्तन पद्धत : वेग खोलीबरोबर वाढतो हे गृहीतक

अपवर्तन पद्धतीत खालच्या थराच्या पृष्ठालगत धावून परत वर येणाऱ्या तरंगाची वेळ मोजली जाते. असा तरंग मिळण्यास खालच्या थरातील वेग वरच्यापेक्षा अधिक असणे अनिवार्य आहे. वर सेकंदास ६०० मीटर वेगाचा मुरूम आणि खाली ५००० मीटर वेगाचा कातळ असेल, तर क्रांतिक कोन सुमारे ६.९ अंश येतो व पद्धत उत्तम चालते. धरणाच्या पायासाठी कातळाची खोली काढण्यास ती म्हणूनच उपयुक्त आहे.

मात्र कातळाखाली काय, असा प्रश्न येताच चित्र पालटते. बेसाल्टखालील गाळाच्या खडकात वेग बेसाल्टपेक्षा कमी असतो. तेथून अपवर्तित तरंग वर येतच नाही. तो थर आलेखात अदृश्य राहतो. त्याहून खालचा पायाभूत खडक दिसलाच, तर संथ थराने घेतलेला जादा वेळ हिशेबात न आल्यामुळे तो प्रत्यक्षाहून अधिक खोल वाटतो. सौराष्ट्र व कच्छमध्ये बेसाल्टखालील गाळखडकांत तेलाचा शोध घेताना हाच प्रश्न भेडसावत आला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर त्या परिसरात घेतलेल्या विंधन छिद्रात ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली अवघा ८ मीटर गाळखडक व नंतर पायाभूत खडक आढळला. हा ८ मीटरचा थर अपवर्तनाने दिसणे शक्य नव्हते. परावर्तनानेही तो सुटा दिसला नसता. गाळखडकातील वेग सेकंदास ३००० मीटर व तरंगाची वारंवारता ३० हर्ट्झ धरली, तर तरंगलांबी १०० मीटर होते आणि थराचे वरचे व खालचे पृष्ठ स्वतंत्रपणे ओळखण्याची मर्यादा तिच्या एक-चतुर्थांशाच्या, म्हणजे २५ मीटरच्या आसपास असते.

पुस्तकात या लपलेल्या थरांची अडचण नोंदविली आहे. ती तेथे अपवाद म्हणून येते. दख्खनच्या पठारावर तीच नित्याची परिस्थिती आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पुस्तक देते. तिसऱ्यासाठी विंधन छिद्र किंवा अन्य पद्धतीची जोड घेण्याची शिस्त वर्गातच लावावी लागते.

रोधकता पद्धत : एकाच आलेखाची अनेक उत्तरे

आपल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सर्वाधिक व्यावहारिक महत्त्व विद्युत रोधकतेच्या पद्धतीला आहे. जमिनीत प्रवाह सोडून विभवांतर मोजले जाते. विद्युदग्रांतील अंतर वाढवीत गेल्यास प्रवाह अधिकाधिक खोल जातो व थरांची रोधकता काढता येते. थर आडवे व एकजिनसी आहेत, असे येथे गृहीत धरलेले असते.

कोरडा मुरूम, त्याखाली कमी रोधकतेचा थर व त्याखाली घट्ट कातळ ही आपल्याकडील सामान्य मांडणी आहे. वरच्या थराच्या मानाने मधला थर पातळ असेल, तर आलेखावर त्याची जाडी व रोधकता स्वतंत्रपणे उमटत नाहीत. केवळ जाडी भागिले रोधकता हे गुणोत्तर उमटते. १० ओहम-मीटरचा २ मीटर थर, २० चा ४ मीटर थर आणि ३० चा ६ मीटर थर यांचे गुणोत्तर एकच, म्हणजे ०.२ येते, म्हणून तिन्हींचे आलेख जवळजवळ सारखे असतात. यांतील पहिला थर चिकणमातीचा असण्याची शक्यता अधिक, तर तिसरा पाणी धरलेल्या झिजलेल्या बेसाल्टचा असू शकतो. दोन लाव्हाप्रवाहांमधील लालसर चिकणमातीचा थरही कमी रोधकता दाखवितो. त्यातून विहिरीला पाणी मात्र फारसे मिळत नाही. संगणकाने आलेखाशी तंतोतंत जुळणारे उत्तर दिले, तरी ते तिघांपैकी कोणते, हे संगणकाला ठाऊक नसते.

पुस्तकात या पद्धतीच्या मर्यादांची स्वतंत्र चर्चा आहे व हे त्याचे बलस्थान होय. तथापि बेसाल्टमधील पाणी प्रायः झीज झालेल्या पट्ट्यात, सच्छिद्र भागात व सांध्याभेगांत असते. उभी भेग आडव्या थरांच्या प्रतिमानात बसत नाही. जवळच्या विहिरींचे थर पाहणे, पाण्याची पातळी नोंदविणे व ओघळांची दिशा तपासणे ही पूरक साधने पुस्तकाबाहेरून आणावी लागतात.

पुस्तकातील उणिवा

पहिली उणीव क्रमाची आहे. दुसऱ्याच प्रकरणात फूरिए विश्लेषण व संकेतप्रक्रिया येते. बारावीनंतर गणित सोडलेला विद्यार्थी तेथेच अडखळतो. हे प्रकरण परावर्तनाच्या आधी, गरजेपुरते शिकविणे इष्ट आहे.

दुसरी उणीव व्याप्तीची आहे. पुस्तक अन्वेषणाचे असल्याने भूकंपविज्ञान त्यात नाही. ११ डिसेंबर १९६७ चा ६.३ परिमाणाचा कोयना भूकंप व जलाशय यांचा संबंध जगभर अभ्यासला गेला आहे. महाराष्ट्रातील भूशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो न शिकता पदवी घेणे योग्य ठरणार नाही. त्यासाठी लाउरी किंवा फाउलर यांच्या पुस्तकाची जोड हवी.

तिसरी उणीव काळाची आहे. विद्युत प्रतिमाचित्रणाचा प्रसार, उपग्रहीय गुरुत्वमापन यांसारख्या २००२ नंतरच्या घडामोडी तिसऱ्या आवृत्तीत सापडणार नाहीत. मार्च २००२ मध्ये सोडलेल्या ग्रेस उपग्रहांनी भूजलसाठ्यातील बदल अवकाशातून मोजता येतात हे दाखविले. हा भाग शिक्षकानेच जोडावयाचा आहे.

चौथी बाब पुस्तकाची नसून आपल्या परिभाषेची आहे. अपेक्षित मूल्य व मोजलेले मूल्य यांतील फरकास आपण 'विसंगती' म्हणतो. मराठीत विसंगती म्हणजे दोष, चूक. त्यामुळे ती आली की मापन बिघडले, असा विद्यार्थ्याचा समज होतो. प्रत्यक्षात ज्या माहितीसाठी सर्वेक्षण केले तीच ही विसंगती होय. हा खुलासा पहिल्याच तासाला करावा.

अध्यापनासाठी सूचना

पुस्तक न बदलता पुढील उपाय योजता येतील. प्रत्येक पद्धतीसोबत एका पानाचे पूरक पत्रक द्यावे व त्यावर वरील तीन प्रश्नांची उत्तरे स्थानिक उदाहरणासह विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावीत. रोधकतेच्या प्रात्यक्षिकात एकच आलेख तीन गटांना देऊन प्रत्येक गटास वेगळे पण जुळणारे उत्तर शोधावयास सांगावे. शक्य असेल तेथे मापनरेषा थर ज्ञात असलेल्या विहिरीजवळून न्यावी आणि आलेखाचे वाचन पूर्ण झाल्यावरच विहिरीची माहिती उघड करावी. परीक्षेत सूत्र सिद्ध करण्याबरोबरच 'या निष्कर्षामागील गृहीतक ओळखा व ते येथे लागू पडते काय ते सांगा' असा एक प्रश्न अनिवार्य असावा. प्रात्यक्षिक वहीत एका निष्कर्षाऐवजी संभाव्य निष्कर्ष व त्यांतील निवडीचे कारण लिहिण्याची प्रथा पाडावी.

समारोप

चार पद्धतींच्या तपासणीतून असे दिसते की प्रस्तुत पुस्तक गृहीतके लपवीत नाही आणि त्यांच्या मर्यादाही बहुतांशी सांगते. गुरुत्वीय पद्धतीत ते उपायही देते; चुंबकीय, अपवर्तन व रोधकता या पद्धतींत स्थानिक उपायाची भर शिक्षकाला घालावी लागते. पूरक पत्रके व भूकंपविज्ञानासाठी दुसरे पुस्तक, या दोन अटींसह ते पदवी स्तरासाठी शिफारस करण्यास पात्र आहे. ज्या पुस्तकात सर्व उदाहरणे सुबक जुळतात व एकही उत्तर संदिग्ध निघत नाही, ते वाचण्यास सोपे असले तरी या प्रदेशातील विद्यार्थ्यासाठी अधिक धोक्याचे होय. अभ्यास मंडळांनी पुढील यादी करताना निदान रोधकतेचे एक प्रकरण या तीन प्रश्नांसह वाचून पाहावे. त्यास एक दुपार पुरेशी आहे आणि त्या एका प्रकरणावर अनेक शेतकऱ्यांचा विंधन विहिरीवरील खर्च अवलंबून आहे.